अस्थिर नोकरी, अढळ व्यासंग

माधव जूलियन हे नाव उच्चारले की मराठी वाचकाला आधी आईवरची ती सुप्रसिद्ध कविता आठवते, मग गज्जल आठवते आणि त्यानंतर प्रणयपंढरीचा वारकरी हे त्यांना कायमचे चिकटलेले बिरुद. डॉ. माधव त्र्यंबक पटवर्धन हे त्यांचे मूळ नाव आणि फार्सीचे अध्यापन हा त्यांचा व्यवसाय मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. २९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांनी वयाची शेहेचाळीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. १९१८ पासून मृत्यूपर्यंतच्या एकवीस वर्षांचा हिशेब मांडला तर पहिली सहा वर्षे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेली आणि शेवटची अकरा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. मधली चार वर्षे कोणत्याही स्थिर जागेविना गेली. विद्वत्ता सिद्ध झालेली, विद्यार्थ्यांत नाव झालेले आणि हातची नोकरी गेलेली, अशा अवस्थेत माणूस काय करतो, कोणाच्या आधारावर उभा राहतो, हा प्रश्न आजच्या महाविद्यालयीन जगातही तितकाच जिवंत आहे. माधवरावांच्या चरित्राकडे त्या दृष्टीने पाहण्यासारखे पुष्कळ आहे.

त्यांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोद्यास झाला. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत बडोदे हे विद्येचे आणि सुधारणांचे मोठे केंद्र बनत होते. माधवरावांचे शिक्षण बडोद्यात आणि पुढे मुंबईत झाले. त्या काळच्या मुंबई विद्यापीठात इंग्रजीच्या जोडीला एक अभिजात भाषा घ्यावी लागे. पांढरपेशा ब्राह्मण घरातला मुलगा बहुधा संस्कृताकडे वळत असे. माधवरावांनी फार्सीचा रस्ता धरला. ही निवड त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याला वळण देणारी ठरली. या भाषेने त्यांना उमर खय्याम दिला, गझल दिली, छंदांचे नवे गणित दिले. मात्र पोटापाण्याच्या दृष्टीने ती अडचणीची भाषा होती. इंग्रजी अमलात दरबारातले आणि कचेरीतले फार्सीचे स्थान केव्हाच गेले होते. महाविद्यालयांत फार्सीचे वर्ग लहान असत आणि साऱ्या मुंबई इलाख्यात तिच्या प्राध्यापकाच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. एक जागा सुटली तर दुसरी मिळेपर्यंत किती काळ जाईल याचा अंदाज कोणालाच करता येत नसे.

जूलियन हे टोपणनाव त्यांनी घेतले त्याचा संबंध सामान्यतः शेली या इंग्रज कवीच्या एका कवितेतील पात्राशी जोडला जातो. मराठी नावापुढे असे परके नाव लावून लिहिणारा तरुण प्राध्यापक पुण्याच्या वाङ्मयीन वर्तुळात लोकांच्या डोळ्यांवर आल्यावाचून राहणे शक्य नव्हते.

१९१८ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात फार्सी शिकवू लागले. हे कॉलेज चालविणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीची घडण त्या काळच्या महाराष्ट्रात आगळी होती. चिपळूणकर, टिळक आणि आगरकर यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले, त्यातून १८८४ मध्ये सोसायटी उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले. शिक्षकांनीच संस्था चालवावी, आजीव सभासदाने वीस वर्षे अल्प वेतनावर सेवा करावी आणि त्याच्या बदल्यात संस्थेच्या कारभारात त्याला वाटा असावा, अशी तिची रचना होती. सुरुवातीच्या काळात हे वेतन महिना ७५ रुपयांच्या घरात असे. गोखल्यांसारख्या माणसाने या व्रताला आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे दिली. पुढे महाराष्ट्रात निघालेल्या कितीतरी शिक्षणसंस्थांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला.

या व्यवस्थेचे बळ परस्परविश्वासात होते आणि तिची मर्यादाही तिथेच होती. संस्था लोकांच्या देणग्यांवर आणि पालकांच्या भरवशावर चालत असे. म्हणून शिक्षकाचे खासगी आयुष्य ही संस्थेच्या अब्रूची बाब मानली जाई. शिक्षकाच्या बाजूने उभा राहील असा सेवाशाश्वतीचा कायदा त्या वेळी नव्हता. लोकमत उलटले तर राजीनामा देणे हाच बहुतेकदा एकमेव सभ्य मार्ग उरत असे. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे उदाहरण त्याच काळातले. गणिताच्या या प्राध्यापकाला संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. त्यांच्या गणिताविषयी कोणाची तक्रार नव्हती.

नोकरीवर असे सावट येण्याआधीच माधवरावांनी आपल्याभोवती एक वर्तुळ जमविले होते. १९२३ मध्ये पुण्यात रविकिरण मंडळाची स्थापना झाली. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, ग. त्र्यं. माडखोलकर, वि. द. घाटे, द. ल. गोखले अशी ही मंडळी. रविवारी एकत्र जमायचे, चहा घ्यायचा आणि नव्या कविता वाचायच्या, असा त्यांचा साधा शिरस्ता होता. रविवार आणि चहा यांच्या जोडीवरून सन-टी क्लब असे थट्टेचे नावही मंडळाला पडले होते.

मराठी काव्याच्या इतिहासात या मंडळाची नोंद एक काव्यसंप्रदाय म्हणून होते आणि ती योग्यच आहे. तथापि त्यातल्या माणसांच्या व्यवसायांकडे पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते. यातले अनेकजण शिक्षक होते, आणि तेही एका छताखालचे नव्हेत. गिरीश म्हणजे शंकर केशव कानेटकर शिक्षकी पेशात होते आणि पुढे सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात प्राध्यापक झाले. यशवंत म्हणजे यशवंत दिनकर पेंढरकर येरवड्याच्या सुधारशाळेत काम करीत. तिथे पाहिलेल्या बालगुन्हेगारांच्या जीवनावर त्यांनी पुढे बंदिशाळा हे खंडकाव्य लिहिले. घाटे यांचे सारे आयुष्य शिक्षणक्षेत्रात गेले. कोणाची शाळा सरकारी, कोणाचे कॉलेज खासगी, कोणाचा पगार बरा, कोणाचा बेताचा. कोणत्याही संस्थेने या मंडळींना एकत्र आणलेले नव्हते आणि कोणत्याही संस्थेला त्यांना वेगळे करता येणार नव्हते. मंडळाचे हे स्वायत्तपण पुढे माधवरावांच्या फार उपयोगी पडले.

मंडळाने केलेली कामे मोजकी आणि व्यवहार्य होती. पहिले काम एकमेकांच्या कविता छापण्यापूर्वी वाचण्याचे. स्तुतीसाठी जमलेल्या मित्रांत हे सहसा साधत नाही. इथे वृत्तदोषापासून शब्दयोजनेपर्यंत चर्चा होत असे आणि छंदशास्त्राची पहिल्यापासून ओढ असलेले माधवराव त्यात अधिकारी होते. दुसरे काम प्रकाशनाचे. प्रकाशकाच्या दाराशी एकेकट्याने थांबण्याऐवजी मंडळाने किरण, उषा यांसारखे संग्रह स्वतःच काढले. तिसरे काम श्रोते मिळविण्याचे. कविता मुद्रित पानावर मुकी राहू नये म्हणून मंडळाच्या कवींनी गावोगाव जाहीर काव्यगायन केले. मध्यमवर्गीय घरांत, शाळांच्या स्नेहसंमेलनांत, वाचनालयांच्या सभागृहांत मराठी कविता गाऊन दाखविण्याची प्रथा रुजली ती मुख्यतः या मंडळींमुळे.

टीकाही भरपूर झाली. आचार्य अत्र्यांच्या झेंडूची फुले या १९२५ च्या विडंबनसंग्रहात रविकिरण मंडळाच्या काव्यातील लकबींची यथेच्छ थट्टा आहे. एकमेकांची पाठ थोपटणारे टोळके असा आरोप मंडळावर सतत होत राहिला. त्यात काही तथ्यही होते. एकत्र जमणाऱ्या लोकांच्या कवितांत एक सारखेपणा आला, ठराविक भावनांची आवर्तने झाली आणि मंडळ सुमारे दशकभरानंतर विसकटले. परंतु मंडळाच्या काव्यगुणांचा हिशेब आणि त्याने आपल्या माणसांना दिलेल्या आधाराचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा. दुसऱ्या हिशेबात त्याची बाजू निश्चितच जमेची आहे.

१९२४ च्या सुमारास माधवरावांवर वादळ कोसळले. एका विद्यार्थिनीशी असलेल्या त्यांच्या स्नेहसंबंधांवरून पुण्यात गदारोळ उठला. स्त्रिया महाविद्यालयांत नुकत्याच दिसू लागल्या होत्या, सहशिक्षणाकडे संशयाने पाहणारे पालक पुष्कळ होते आणि प्रेमकवितांसाठी गाजणारा अविवाहित प्राध्यापक हे चर्चेला आयतेच निमित्त होते. शिक्षक आणि विद्यार्थिनी यांच्या नात्यात शिक्षकाची जबाबदारी अधिक, हे त्या काळीही मानले जाई आणि ते चुकीचे म्हणता येणार नाही. मात्र गावगप्पांचा न्याय गावगप्पांच्याच गतीने होतो. माधवरावांचे फर्ग्युसनमधील सहा वर्षांचे अध्यापन संपुष्टात आले.

तिशी ओलांडलेल्या या विद्वानाचा पेशा असा एकाएकी अधांतरी झाला. अब्रूचा प्रश्न निर्माण झालेल्या प्राध्यापकाला दुसऱ्या संस्थेने बोलावणे सोपे नव्हते, आणि विषय फार्सी असल्याने जागाही थोड्या. पुढची चार वर्षे अशी गेली.

या चार वर्षांतील ग्रंथांच्या तारखा पाहिल्या की थक्क व्हायला होते. १९२५ मध्ये त्यांचा फार्सी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. १९२६ मध्ये विरहतरंग हे खंडकाव्य आले. १९२७ मध्ये छंदोरचना हा मराठी पद्याच्या घडणीवरचा ग्रंथ आला. १९२८ मध्ये सुधारक हे दुसरे खंडकाव्य. यातले एकेक काम एकेका माणसाला पुरून उरेल असे आहे. काही ग्रंथांची सिद्धता आधीपासून चालू असणार हे उघडच आहे. तरीही ते पुरे करून छापखान्यातून बाहेर काढण्याचे बळ या अवघड वर्षांत त्यांच्यापाशी टिकून होते. कॉलेजची नाममुद्रा पाठीशी नसताना त्यांची ओळख त्यांच्या ग्रंथांनी आणि त्यांच्या मंडळाने राखली. कोणत्या कॉलेजचे प्राध्यापक या प्रश्नाला त्या दिवसांत त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. रविकिरण मंडळाचे माधव जूलियन हे उत्तर मात्र साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक होते.

यातील फार्सी-मराठी कोशाविषयी थोडे अधिक सांगायला हवे. मराठेशाहीचा इतिहास लिहायचा तर फार्सी कागदपत्रांवाचून भागत नाही. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेनंतर, म्हणजे १९१० नंतर, दप्तरे उघडली जाऊ लागली आणि फार्सी जाणणाऱ्यांची वाण तीव्रतेने जाणवू लागली. मराठी अभ्यासकाला इंग्रजीचा वळसा न घेता फार्सी शब्दाचा अर्थ थेट मराठीत मिळावा, ही सोय या कोशाने केली. शिवाय मराठीच्या नित्य व्यवहारात फार्सी आणि तिच्याद्वारे अरबी किती खोल मुरली आहे, तेही त्याने दाखविले. नोकरी, अर्ज, शिफारस, रुजू, कायम, हंगामी आणि बडतर्फ हे सारे शब्द त्याच वाटेने मराठीत आलेले आहेत. चाकरमान्या मराठी माणसाच्या आशेची आणि धास्तीची जवळजवळ सारी शब्दसंपदा या भाषेची देणगी आहे. त्यांतल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ कोशकाराला कोशाबाहेरही उमगलेला असावा, असे त्या वर्षांकडे पाहताना वाटल्यावाचून राहत नाही.

१९२८ मध्ये कोल्हापूरने त्यांना बोलावले. राजाराम कॉलेज हे दक्षिण महाराष्ट्रातील जुने विद्यापीठीय केंद्र. १८८० च्या सुमारास उभे राहिलेले हे कॉलेज संस्थानाच्या आश्रयावर चालत असे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये ते आर्य समाजाच्या हाती सोपविले आणि त्या ओघात गुरुकुल कांगडीहून आलेले डॉ. बाळकृष्ण १९२२ मध्ये त्याचे प्राचार्य झाले. पुढे त्यांनी शिवचरित्राचे इंग्रजी खंड लिहून इतिहासकार म्हणून कीर्ती मिळविली. बाहेरून गुणी माणसे आणावीत, त्यांच्या जातीपातीचा आणि गावगप्पांचा फार विचार करू नये, असे वळण कोल्हापूरच्या या विद्याक्षेत्राला शाहूकाळापासून होते. ना. सी. फडके हेही असेच निरनिराळ्या गावांच्या कॉलेजांत शिकवून १९२६ मध्ये तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून राजाराम कॉलेजात स्थिरावलेले होते. एकाच कॉलेजात मराठीतला सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार आणि सर्वांत चर्चित कवी शिकवीत आहेत, आणि दोघांपैकी एकाचाही विषय मराठी नाही, असा योग त्या वेळी जुळून आला.

कोल्हापूर त्या दिवसांत केवळ पैलवानांचे आणि अंबाबाईचे गाव राहिले नव्हते. बाबूराव पेंटरांनी तिथे चित्रपटाचा पाया घातला होता. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी तिथेच निघाली आणि १९३३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत तिचे चित्रपट कोल्हापुरातच तयार होत. अल्लादिया खाँ यांच्या गायकीची परंपरा या गावात नांदत होती. १९३२ चे मराठी साहित्य संमेलन सयाजीराव गायकवाडांच्या अध्यक्षतेखाली कोल्हापुरात भरले. बडोद्यात जन्मलेल्या माधवरावांना हे संस्थानी वातावरण परके वाटण्याचे कारण नव्हते. दरबारी आश्रयाचे नियम वेगळे असतात. त्याला मर्जीचा धोका असतो, पण तो पुण्याच्या लोकमतापेक्षा निराळा धोका होय.

कोल्हापुरात त्यांचा संसार उभा राहिला. त्यांच्या पत्नी लीलाबाई पटवर्धन यांनी पुढे सहजीवनाच्या आठवणी लिहिल्या, त्या पुस्तकाचे नावच आमची अकरा वर्षे असे आहे. मराठीतील पत्नींनी लिहिलेल्या आत्मकथनांत या पुस्तकाला मानाचे स्थान आहे. अकरा हा आकडा कोल्हापूरच्या नोकरीचाही आहे. त्यांना मिळालेला स्थैर्याचा सारा काळ एवढाच होता.

त्या काळाचे त्यांनी सोने केले. १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबायांचा मूळ फार्सीवरून केलेला अनुवाद आला. इंग्रज कवी फिट्झजेरल्डच्या रूपांतरामुळे खय्याम जगभर पोहोचला होता, पण ते रूपांतर मुळापासून बरेच दूर गेलेले आहे, हे फार्सी जाणणाऱ्याला दिसत होते. माधवरावांनी आधी मूळ फार्सी खय्याम मराठीत आणला. नंतर १९३१ मध्ये द्राक्षकन्या या नावाने फिट्झजेरल्डच्या इंग्रजी काव्याचाही अनुवाद केला. मधुलहरी हा तिसरा प्रयत्न त्यांच्या मृत्यूनंतर १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. एकाच कवीकडे तीनदा परतण्याची ही चिकाटी भाषा शिकविणाऱ्या माणसाची आहे. मूळ आणि रूपांतर यांच्यातला फरक वर्गात समजावून सांगणारा शिक्षक इथे कवीच्या शेजारी बसलेला दिसतो.

१९३३ मध्ये गज्जलांजलि आली. फार्सीतील गझल मराठीत आणायची तर तिची वृत्ते आणि तिचे यमक दोन्ही पेलायला हवीत. माधवरावांनी फार्सी वृत्तांची लगावली मराठी कानाला पटेल अशी बसविली, त्यांना नावे दिली, त्यांत स्वतः लिहून दाखविले. त्यांच्या गज्जलेतील प्रत्येक शेर स्वतंत्र नसतो, बहुधा एकच भाव शेवटपर्यंत चालतो, त्यामुळे ती गझलेच्या आकृतीतली भावकविता राहते, असा आक्षेप पुढे अनेकांनी घेतला. तो रास्त आहे. मात्र सुरेश भटांच्या पिढीने मराठी गझलेला आजचे रूप दिले, तेव्हा वृत्तांची वाट आधीच मळलेली होती.

१९३६ मध्ये जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. बारा वर्षांपूर्वी अध्यापनाची जागा गमावलेला माणूस आता मराठी साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर होता. याच सुमारास त्यांच्या विचारांना एक वळण लागले, आणि त्याचा उलगडा आजही अभ्यासकांना सोपा जात नाही. सावरकरांनी चालविलेल्या भाषाशुद्धीच्या चळवळीकडे ते ओढले गेले. मराठीतील अनावश्यक परकीय शब्द, त्यांत फार्सी-अरबीही, काढून टाकावेत असे ते मांडू लागले आणि १९३८ मध्ये भाषाशुद्धि-विवेक हा त्यांचा ग्रंथ आला. आपल्या जुन्या कवितांतील फार्सी शब्दही त्यांनी पुढच्या आवृत्त्यांत बदलले. ज्या भाषेचा कोश रचला, ज्या भाषेवर उदरनिर्वाह केला, तिचेच शब्द ते स्वतःच्या कवितेतून वेचून काढीत होते. अनेक रसिकांना या बदलांनी मूळ कवितांचा रंग फिका झाल्यासारखे वाटले. या भूमिकेशी सहमत होणे आवश्यक नाही. पण कोणत्या शब्दाचे मूळ कोठे आहे हे नेमके ठाऊक असलेला माणूस या वादात उतरला होता, एवढे मान्य करावे लागते. इतरांची भाषाशुद्धी ऐकीव माहितीवर चाले, त्यांची कोशावर.

अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे सर्वांत टिकाऊ काम छंदोरचना. नोकरी नसतानाच्या काळात छापलेला हा ग्रंथ त्यांनी कोल्हापुरात पुन्हा हाती घेतला आणि १९३७ मध्ये त्याची विस्तारलेली आवृत्ती सिद्ध केली. मराठी पद्याचे त्यांनी तीन वर्ग पाडले. ज्यात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो ते वृत्त, ज्यात मात्रांचे मोजमाप असते ती जाती, आणि ज्यात अक्षरांची संख्या प्रमाण मानली जाते तो छंद. श्लोक, पदे, अभंग आणि ओवी अशी शतकानुशतकांची मराठी रचना या तीन खणांत त्यांनी उदाहरणांसह लावून दाखविली. संस्कृत पिंगलाची नक्कल न करता मराठी उच्चाराच्या अंगाने केलेली ही मांडणी होती. या ग्रंथासाठी मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी. लिट्. ही पदवी दिली. मराठी विषयातील अशी पहिली डी. लिट्. म्हणून तिचा उल्लेख केला जातो. त्याच वर्षी तुटलेले दुवे हा त्यांचा सुनीतसंग्रहही आला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस ते गेले.

कोल्हापुरात आज शिवाजी विद्यापीठ आहे. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याची स्थापना झाली. माधवरावांच्या काळी प्राध्यापकाला नसलेले कायद्याचे संरक्षण आज नियमित नेमणूक झालेल्याला आहे. परंतु महाराष्ट्रभरच्या महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला आहे. नेट, सेट, पीएच.डी. अशा पात्रता गाठीशी असतात, वर्ग तेच असतात, विद्यार्थी सर म्हणूनच हाक मारतात. मानधन मात्र घेतलेल्या तासांवर मिळते, सुटीच्या महिन्यांत ते थांबते आणि पुढच्या वर्षी पुन्हा नव्याने मुलाखत द्यावी लागते. एकाच दिवशी दोन गावांच्या दोन महाविद्यालयांत तास घेणाऱ्याला शिक्षककक्षात बसून कोणाशी दोन शब्द बोलण्याइतकीही उसंत नसते. आर्थिक ओढाताणीइतकेच हे एकटेपण जाचक असते. संशोधनाचा कच्चा मसुदा दाखवायचा कोणाला, पुस्तक निघायचे कसे, आपण नेमके कोठले, या प्रश्नांना संस्था उत्तर देत नाही.

रविकिरण मंडळाला नोकऱ्या देता येत नव्हत्या आणि त्याने तसा दावाही केला नाही. वेतनाचा आणि नेमणुकीचा प्रश्न शासनाने आणि संस्थांनीच सोडवावा लागतो. चहाच्या बैठकांनी तो सुटत नाही, हे माधवरावांच्या चार वर्षांवरूनही दिसते. त्यांची नोकरी मंडळाने वाचविली नाही, एका संस्थानी कॉलेजच्या बोलावण्याने ती पुन्हा मिळाली. मंडळाने जे दिले ते वेगळे होते. आठवड्यातला एक ठरलेला दिवस दिला, लिहिलेले काळजीपूर्वक वाचणारी चार माणसे दिली, छापण्याची सामाईक व्यवस्था दिली आणि संस्थेच्या नावावाचून टिकणारी एक ओळख दिली. शाळामास्तर, प्राध्यापक, अधिकारी आणि संपादक त्या बैठकीत शेजारी शेजारी बसत. तिथे पदाला महत्त्व नव्हते, कवितेला होते. एका स्त्रीला तिथे सभासद म्हणून बरोबरीची जागा होती, हेही १९२३ साली लहान नव्हते. यातले काहीही करण्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही.

माधवरावांच्या कवितेविषयीची आवड काळाबरोबर बदलली. प्रणयकवितेचा तो उमाळा आजच्या वाचकाला काहीसा दूरचा वाटतो. आईवरची कविता लता मंगेशकरांच्या स्वरामुळे घरोघर पोहोचली आणि तिथेच राहिली. छंद शिकणारा मराठीचा विद्यार्थी अजून छंदोरचनेकडे वळतो. आणि एखाद्या दप्तरखान्यात शिवकालीन किंवा पेशवेकालीन कागद वाचताना फार्सी शब्दाशी अडलेला अभ्यासक ज्या कोशाची पाने उलटतो, तो कोश १९२५ चा आहे. त्याच्या कर्त्याला त्या वर्षी कोणत्याही कॉलेजात कायम जागा नव्हती.